सासूबाईंचा कागद

वायोमिंगच्या माळावर रायफल नेमबाजीची स्पर्धा नुकतीच आटोपली होती. जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे एक सासू आणि तिचा जावई उभे होते. विजेत्याची ढाल सासूच्या काखेत होती.

"सासूबाई, शेवटच्या फेरीत माझ्या गोळ्या भरकटल्या कशा?"

"तुझ्या नळीच्या टोकाचा सायलेन्सर तापून सैल झाला, जावईबापू. सैल झाला की कळावं म्हणून आट्यांच्या सांध्यावर रंगाची रेघ ओढून ठेव म्हटलं होतं, ओढलीस?"

"राहिली. पण आटे पिळून बसवलेलाच अचूक असतो. तुमच्या त्या खटक्याच्या माउंटवर, त्या जोडावर, तो दर वेळी वेगळा बसतो, असं सगळे म्हणतात."

"सगळे म्हणजे तूच. ख्रिसमसपासून डोकं खाल्लंस माझं."

"मग तुमचा नेम कसा नाही हलला?"

"माउंट घ्यायच्या आधी पारखला. खटका दाबून सायलेन्सर चाळीस वेळा काढला, चाळीस वेळा बसवला, आणि दर वेळी शंभर यार्डांवरून एक गोळी झाडली. हा बघ त्या निशाणाचा कागद."

"चाळीस गोळ्या? इथे तर एकच भोक आहे!"

"पाव डॉलरच्या नाण्याखाली झाकतं."

"अहो, मग हा कागद तेव्हाच का नाही दाखवलात?"

"तू बोलायचा थांबलास कधी, ग्रेडी?"