धुण्याचा दगड आणि गॅसची शेकोटी

…नाही म्हणजे नाही! दगड हलणार नाही! असं मी तिसऱ्यांदा ओरडले, तर मुलगा म्हणतो कसा, 'आई, तुला त्यातलं काय कळतंय?' आता तुम्हीच सांगा! ज्या परसात बेचाळीस वर्षं धुणं आपटलं, त्या परसातलं मला काय कळतंय!

बरं, चाललं होतं काय ते ऐका. घरात खोल्या आहेत, खुर्च्या आहेत, पण पाहुण्यांना म्हणे बाहेरच बसवायचं. म्हणजे परसात ओटा, ओट्यात सिंक, सिंकला गरम पाण्याचा नळ, भाजायला गॅसची शेगडी, डोक्यावर धग सोडणारा हीटर, आणि मधोमध गॅसवर पेटणारी शेकोटी! आतलं सगळं बाहेर न्यायचं आणि वर म्हणायचं, 'मोकळ्या हवेत बसू!' अहो, मग हवा तेवढी मोकळी सोडा की!

नकाशा काढणारे गृहस्थ आले होते. चष्मा डोक्यावर, पेन्सिल कानावर, डोळ्यांना मात्र काही नाही! शेकोटीला त्यांनी जागा शोधली कुठे? नेमकी माझ्या धुण्याच्या दगडावर! 'आजी, तो दगड नजरेला जरा…' जरा काय? लगेच मुलगा, 'आई, आता मशीन आहे ना!' आहे की! मशीनवर बसून मटार सोलता येतात? अख्ख्या घरात तेवढीच एक जागा उरलीय माझी, बाकी जिथे टेकावं तिथे कुणीतरी 'आई, जरा पाय वर घ्या' म्हणत केरसुणी घेऊन हजर!

नळाच्या कामासाठी बोलावलेला प्लंबर बिचारा मघापासून एकदा नकाशाकडे, एकदा गटाराच्या जाळीकडे बघत होता. म्हटलं, 'काय रे, तुझी का दातखीळ बसली?' तर पुटपुटला, 'मावशी, मी साहेबांना सांगितलं होतं…' साहेब म्हणजे कोण, तर माझा मुलगा! ह्याच दगडावर उभा करून घासलाय मी त्याला… साहेब म्हणे!

मग मी तोंड मिटलं. हसू नका, मिटते कधीकधी! बादली भरली, सिंकची जागा खडूनं आखली होती तिथे उभी राहिले आणि दिली ओतून. पाणी निघालं… नकाशावाल्यांच्या बुटांवरून, मुलाच्या चपलांखालून, थेट माझ्या दगडापाशी येऊन तळं करून बसलं! अहो, परसाचा सगळा उतार तिथेच! म्हणून तर सासऱ्यांनी दगड तिथे बसवला, म्हणून तर शेजारी जाळी! पहिल्याच पावसात ह्यांची शेकोटी भरली असती घागरीसारखी! आणि सिलिंडरचा गॅस गळला तर तोही जड, पाण्यासारखाच खड्ड्यात जाऊन बसतो… हे प्लंबर बोलला हो, मी नाही. मला काय कळतंय!

मुलगा एक ओला पाय उचलून बगळ्यासारखा उभा. हट्ट तरी सुटतोय? म्हणाला, 'मग पाहुण्यांना थंडी वाजली तर काय करायचं, तूच सांग!'

सांगितलं. म्हटलं, 'मला ह्या दगडावर आणून बसव, पाहुण्यांना भोवती गोल बसव, आणि फक्त एकदा म्हण… "आई, तुला त्यातलं काय कळतंय?"'