शेजारच्या सीटवर

“आईचे नखरे बघा, मिस्त्री! ऑपरेशननंतर दवाखान्यातून आणायला स्पोर्ट्स कार घेऊन गेलो, तर बाईसाहेब रिक्षा करून घरी आल्या!”

गाडी घेऊन आलेल्या तरुणाची तक्रार ऐकून, गॅरेजच्या बाकावर स्वतःच्या मुलाच्या टेम्पोची वाट बघत बसलेल्या आजीबाईंनी कान टवकारले.

“शॉक अ‍ॅब्सॉर्बर किती कसलेत?” मिस्त्रींनी विचारलं.

“शेवटच्या खाचेपर्यंत. स्प्रिंगाही कडक. वळणावर गाडी तसूभर कलत नाही.”

“आणि खड्ड्यात?”

“आपटते जराशी.”

“आईंचं ऑपरेशन कसलं?”

“मणक्याचं.”

“चार खाचा सैल करतो.”

“नको! वळणावर गाडी कलली तर मित्र हसतील.”

आजीबाईंना आता राहवेना.

“वळणाची मजा तुला आणि दणके तिच्या मणक्याला होय रे? मिस्त्री, गाडी तुम्ही चालवा, एकही खड्डा चुकवू नका. आणि तू शेजारी बस. परत आलास की कंबर धरून म्हण माझ्यासमोर, आईचे नखरे!”