मेणाखालची राख

(आयडाहोतल्या एका डोंगराळ गावातलं स्वयंपाकघर. ऑक्टोबरातली सकाळ. शेल्बी वडिलांची राख नदीत सोडायला शहरातून घरी आली आहे. आर्डिथ तिची आई. डेल्मर तिच्या वडिलांचा, ऑरिनचा, शिकारीतला जोडीदार.)

शेल्बी : काका, आधी ते टेबलावरून उचला.

डेल्मर : रिकामं आहे गं. थांब, चक्र फिरवून दाखवतो. एक घर भरलेलं असेल तर सांग.

शेल्बी : भरलंय का, हे मी विचारलं नाही. तिथं लोणी आहे.

आर्डिथ : लोणी मी उचलते. कॉफी घेणार, डेल्मर?

डेल्मर : अर्धा कप. शेल्बी, एकदा हातात तर घे. नळी बघ, तुझ्या मनगटापासून कोपरापर्यंत येईल. पोलाद कसं, नदीतल्या गोट्यासारखं झालंय. आणि ही अक्रोडाची मूठ, तुझ्या बाबाच्या तळव्यानं काळी पडलीय. एवढं देखणं रिव्हॉल्व्हर या गावात दुसरं नाही.

शेल्बी : मला ते नळ दुरुस्त करणाऱ्याच्या पिशवीतलं सामान वाटतं. वर घामाचा डाग.

डेल्मर : लहानपणापासून तुझं नाक मुरडलेलंच.

शेल्बी : एल्कसारखं घोड्याएवढं हरीण मारायला रायफल असते ना? लांबून, नीट, एका गोळीत. मग हे कशाला लागतं?

डेल्मर : घोड्यावर बसून पाइनच्या रानातून जाऊन बघ एकदा. रायफल प्रत्येक फांदीला अडकते. हे छातीवर चामडी पट्ट्यात बसतं, दोन्ही हात मोकळे. जनावर सोलताना माणूस कोपरापर्यंत रक्तात असतो, मागनं वास काढत अस्वल येतं. तेव्हा झाडाला टेकवलेली रायफल काय चाटायची? आणि याला जवळ जावं लागतं. जनावराच्या श्वासाची वाफ दिसेल इतकं. ऑरिन म्हणायचा, शिकार ती हीच, बाकी नुसती नेमबाजी.

शेल्बी : म्हणायचे. त्या वाफेत गोळी घालायची आणि घरी येऊन तिचं वर्णन करायचं. मी ते ऐकत जेवलेय.

आर्डिथ : जेवलीस मात्र.

शेल्बी : हो आई. जेवले.

डेल्मर : बरं, ते जाऊ दे. उद्या हंगाम सुरू होतोय. ही डबी तुझ्यासाठी आणलीय. उघड.

शेल्बी : काडतुसं.

डेल्मर : गोळीचं टोक बघ. तिथं खळगा असतो, त्यानं गोळी आत गेली की फुलते. त्यावर मी मेणाचा ठिपका दिलाय. लाल. नाताळच्या उरलेल्या मेणबत्तीचा.

शेल्बी : आणि मेणाखाली?

डेल्मर : आर्डिथ, तू हिला सांगितलं नाहीस?

आर्डिथ : तू सांगणार होतास.

शेल्बी : आई, मेणाखाली काय आहे?

आर्डिथ : तुझे बाबा. चमचाभर दिले मी त्याला.

शेल्बी : कुठल्या चमच्यानं?

आर्डिथ : साखरेच्या. धुतला होता नंतर.

डेल्मर : लोक करतात गं असं. पलीकडच्या खोऱ्यात एका म्हाताऱ्याच्या पोरांनी केलं. शेवटची शिकार त्याचीच व्हावी म्हणून. पहिली गोळी तू घालावीस असं मला वाटलं. तुला नको असेल तर मी घालीन.

शेल्बी : एल्कला.

डेल्मर : चांगला मोठ्या शिंगांचा नर हेरून ठेवलाय.

शेल्बी : आणि मांस? दरवर्षीसारखं निम्मं आमच्या फ्रीजरमध्ये?

डेल्मर : जखमेभोवतीचं कापून टाकतोच की आपण.

शेल्बी : कुठं टाकता?

डेल्मर : तिथंच. कावळे असतात.

शेल्बी : म्हणजे बाबा एका जनावराच्या फुप्फुसात फुटणार, आणि राहतील ते कावळ्यांना. हे तुम्ही माझ्या आईची कॉफी पीत पीत सांगताय.

डेल्मर : तू सांगतेस तसं नाही ते.

शेल्बी : मग कसं आहे?

डेल्मर : इस्पितळात मी त्याला बोललो होतो. हसला तो.

शेल्बी : हो म्हणाले?

डेल्मर : हसला.

शेल्बी : बाबा पाद्र्याच्या बोलण्यालाही हसायचे. शेवटी शेवटी दुखायचं तेव्हाही हसायचे. नर्सला वाटायचं, बरं आहे यांचं. काका, मी त्यांना अख्खं नदीत सोडायला आलेय. मला त्यांच्यासाठी करण्यासारखं तेवढंच उरलंय. ते बाहेर काढा.

डेल्मर : आत्ता?

शेल्बी : इथंच. ही घ्या बशी.

आर्डिथ : खणात त्याचं दाभण आहे. खोगीर शिवायचं.

डेल्मर : मेणात राख कालवलीय गं थोडी. वेगळी नाही निघायची.

शेल्बी : मेणासकट चालेल. उकरा.

डेल्मर : अलीकडे हात थरथरतात माझे.

शेल्बी : या हातांनी उद्या एल्क मारणार होतात. द्या इकडे. कुठं धरू?

डेल्मर : बुडाला बोट लावू नकोस. मधे, पितळेवर धर. टोक आपल्याकडे नको. हां. अगदी त्याच्यासारखं धरतेस.

शेल्बी : ते बोलू नका.

आर्डिथ : डाळीएवढं आहे नुसतं.

शेल्बी : लांब हो आई, श्वासानं उडेल. नखात जातंय माझ्या. शी. काका, डबीत एक घर रिकामं का आहे?

डेल्मर : मोकळंच होतं ते.

शेल्बी : काका.

डेल्मर : मेण लावल्यावर गोळी सरळ जाते का, हे बघायला नको? जनावर नुसतं जखमी होऊन पळालं असतं तर? ऑरिनला ते खपलं नसतं. काल खडीच्या खाणीत जाऊन एक मारून पाहिली.

शेल्बी : कशावर?

डेल्मर : पिझ्झाच्या खोक्यावर.

शेल्बी : खोक्यामागं काय होतं?

डेल्मर : मातीची दरड. पण तिथं सगळं गाव सराव करतं, पोरी. आमच्या तरुणपणापासून. दरडीत मातीपेक्षा शिसं जास्त. त्यातली ही कुठली, कशी ओळखणार?

आर्डिथ : निम्म्या ऑरिनच्याच असतील.

शेल्बी : त्या त्यांनी मारल्या, आई. ही त्यांना भरून मारली. उठा काका, गाडी मी चालवते. खोकं कुठं लावलं होतं तेवढं दाखवा. तिथली माती आणू.

डेल्मर : किती आणशील?

शेल्बी : बादली भरेल तेवढी. आई, खोरं कुठंय?

आर्डिथ : तो ठेवायचा तिथंच. मी हलवलं नाही.