द्वारकाबाईंचा पहिला तास

चिंतामण : म्हणजे पंधरा रुपये घेणार आणि आज शिकवणार काहीच नाही? अहो बाई, हे तो जास्तीच झालं ना!

सरोजिनीबाई : पंधरा रुपये महिन्याचे. आजचा तास फुकट. आज मी फक्त बघणार आहे.

चिंतामण : काय बघणार?

सरोजिनीबाई : तुमची बायको एक तास बसू शकते का ते.

चिंतामण : घ्या! बसायला काय लागतं? आमच्या मिलच्या ऑफिसात निम्मे लोक तेच करतात.

द्वारकाबाई : अहो, जरा गप्प बसता का? मी मोठ्या मुश्किलीनं बाईंना घरी आणलंय. हेडमिस्ट्रेस होत्या त्या.

सरोजिनीबाई : होते. आता रिटायर झाले. द्वारकाबाई, शाळा कधी सोडलीत?

द्वारकाबाई : सातवीनंतर. लग्न ठरलं. आता बालमंदिरात पोरं सांभाळते. तिथल्या मोठ्या बाई म्हणाल्या, मॅट्रिक व्हा, शिक्षिकेची जागा तुमची. नाही तर आहेच पोरांची नाकं पुसणं. बाई, मला ती जागा पाहिजे. नाकं पुष्कळ पुसली.

चिंतामण : पण वय काय, करते काय! घरात सून यायचे दिवस आले आणि ही दप्तर घेऊन बसणार. सब थेरं आहेत.

द्वारकाबाई : आपल्या श्रीपादच्या मास्तरांना फी देत होतात, वर पोहे-जिलबी. दोनदा आपटला तरी देत होतात. तेव्हा नाही वाटली थेरं?

चिंतामण : तो मुलगा आहे.

द्वारकाबाई : मग मी काय आभाळातून पडले? मीही कुणाची तरी मुलगीच आहे.

सरोजिनीबाई : भांडण नंतर करा. आधी माझी अट ऐका. माझ्याकडे अशा पुष्कळ जणी येऊन गेल्या. सगळ्या हुशार. पण घरी पुस्तक उघडलं की दूध उतू जायचं, नळ जायचा, नणंद यायची. परीक्षेपर्यंत एकही पोचली नाही. म्हणून मी आता आधी घर तपासते, मग विद्यार्थिनी. एक तास द्वारकाबाई या सतरंजीवरून उठणार नाहीत. उठल्या तर मी त्यांना शिकवणार नाही.

द्वारकाबाई : बस, एवढंच?

सरोजिनीबाई : आणि बसल्या जागेवरून घर चालवायचं नाही. डबा कुठला, मीठ कुठं, काही सांगायचं नाही.

चिंतामण : आणि शेगडीवर दूध ठेवलंय त्याचं काय?

सरोजिनीबाई : तुम्ही आहात ना घरात?

चिंतामण : मी?

द्वारकाबाई : हौ, तुम्ही.

चिंतामण : ठीक आहे. दूध काय, डोळ्यासमोर ठेवायचं, बस. पण सांगून ठेवतो बाई, ही टिकणार नाही. हिला मी ओळखतो. दहा मिनिटांत आत येते की नाही बघा.

(चिंतामण स्वयंपाकघरात जातो. दोघी शेजारच्या खोलीत सतरंजीवर.)

चिंतामण : अगं, सांडशी कुठंय?

सरोजिनीबाई : बोलायचं नाही.

चिंतामण : अगं ए! ऐकू येतंय का?

द्वारकाबाई : बाई, खिडकीत आहे हो. यांच्या नाकासमोर.

सरोजिनीबाई : मला सांगून काय उपयोग? मला दूध उतरवायचं नाहीये.

द्वारकाबाई : वास आला. वर येतंय दूध.

सरोजिनीबाई : येऊ द्या.

द्वारकाबाई : शेरभर आहे बाई! सकाळच्या चहाचंसुद्धा त्यातच आहे.

सरोजिनीबाई : शेरभर दुधात मॅट्रिक होत असेल तर स्वस्त आहे.

चिंतामण : अरे, अरे, अरे! गेलं! सगळं गेलं! आई गं! हात भाजला! द्वारके!

सरोजिनीबाई : गुडघा खाली.

द्वारकाबाई : भाजलंय त्यांना!

सरोजिनीबाई : ओरडायला दम आहे. म्हणजे फार नाही.

द्वारकाबाई : असं कसं बोलता? नवरा आहे माझा.

सरोजिनीबाई : मग उठा. मी रागावणार नाही. पिशवी उचलीन आणि घरी जाईन. तुमच्यासारख्या अशाच उठल्या सगळ्या, आणि एकीचंही काही चुकलं नव्हतं.

चिंतामण : द्वारके! अगं, बघ ना जरा येऊन!

द्वारकाबाई : अहो! किती भाजलं?

चिंतामण : दोन बोटं!

द्वारकाबाई : दोनच?

चिंतामण : कमी आहेत का?

द्वारकाबाई : मग पाण्यात... नाही. नाही सांगत. भाजल्यावर काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. करा.

सरोजिनीबाई : बोललात तुम्ही.

द्वारकाबाई : बोलले. उठले नाही.

सरोजिनीबाई : हं. एकदा माफ.

द्वारकाबाई : दुसऱ्याच्या घरात चोरून शिरल्यासारखं वाटतंय. एवढा वेळ रिकामी मी कधी बसलेच नाही. बाळंतपणात तेवढी आडवी होते.

सरोजिनीबाई : वाटू द्या. सवय होईल.

द्वारकाबाई : आत काय चाललंय? भांडी वाजताहेत.

सरोजिनीबाई : घासत असतील.

द्वारकाबाई : हे? भांडी? मेली ती राख कुठं असते, तेही माहीत नाही यांना.

सरोजिनीबाई : आज कळेल.

द्वारकाबाई : दार वाजलं! मी...

सरोजिनीबाई : त्यांनाही ऐकू येतं.

चिंतामण : आलो, आलो! ये बाबूराव. नाही भैया, पत्ते आज नाही... कंबरेला? टॉवेल आहे तो. दूध सांडलं, पुसत होतो... घरातच आहे ती. तब्येत एकदम ठीक. बसलीय.

द्वारकाबाई : बाई, मेले! बाबूरावच. यांच्याच ऑफिसातले. उद्या मिलभर होईल, चिंतामण टॉवेल बांधून भांडी घासतो म्हणून. हे तोंड कुठं दाखवतील? मला उठू द्या. पटकन चहा टाकते आणि येते.

सरोजिनीबाई : दार उघडंच आहे, द्वारकाबाई. मी धरून ठेवलेलं नाही.

द्वारकाबाई : आता हे मला हाक मारणार. बघाच. माणसांसमोर हाक मारली तर मला बसवणार नाही, खरंच सांगते.

चिंतामण : काय? हसतोस काय बे? कानफाट फुटेल! श्रीपादच्या आईची शिकवणी चालू आहे आत. मॅट्रिकला बसतेय ती. हौ, मॅट्रिक!... वयाचं काय त्यात? तू कितव्यांदा पास झाला होतास, सांगू गल्लीला?... मग! चहा पाहिजे तर बस. मी करतो. आवाज हळू ठेवायचा फक्त.

द्वारकाबाई : ऐकलंत?

सरोजिनीबाई : ऐकलं.

द्वारकाबाई : शिकवणी म्हणाले. मघाशी थेरं म्हणत होते.

सरोजिनीबाई : डोळे पुसा.

द्वारकाबाई : राहू द्या बाई. रडू येतंय तर रडते. उठत तर नाहीये ना?

सरोजिनीबाई : नाही. उठत नाही आहात.

द्वारकाबाई : बाई, एक विचारू? मला जमेल? इंग्रजीची तर एबीसीडीही आता पुसट झालीय.

सरोजिनीबाई : पिशवीतलं ते निळं पुस्तक काढा.

द्वारकाबाई : आज शिकवणार नव्हतात ना?

सरोजिनीबाई : आज परीक्षा होती. ती झाली. आता वेळ उरलाय तर वाया कशाला घालवायचा? हे पान वाचा. मोठ्यानं.

द्वारकाबाई : मोठ्यानं? बाहेर बाबूराव आहेत.

सरोजिनीबाई : म्हणूनच.

द्वारकाबाई : धिस... इज... माय... हाऊस.

सरोजिनीबाई : पुन्हा. दारापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.

द्वारकाबाई : धिस इज माय हाऊस!

चिंतामण : वा! बाबूराव, सुना क्या?... काय म्हणतोस? खरं? थांब, विचारतो. बाई, आत येऊ का? चहा आणलाय.

सरोजिनीबाई : या. तास संपला.

चिंतामण : बाबूराव विचारतोय, त्याची बायको उद्या बघायला आली तर चालेल का?

सरोजिनीबाई : बघायला नको. बसायची तयारी असेल तर पाठवा म्हणावं.

चिंतामण : आणि बाई, हे असं रोज?

सरोजिनीबाई : रविवार सोडून. परीक्षा होईपर्यंत.

चिंतामण : बाप रे! तुमचे पंधरा रुपये तर काहीच नाहीत हो. हा तास महाग पडतोय. एक दूध, दोन बोटं आणि बाबूरावसमोर ही शोभा!

सरोजिनीबाई : मग? नको का शिकवणी?

चिंतामण : नको कोण म्हणतंय? बाबूरावला सांगून बसलोय मी आता. उद्या याच वेळेला या. दुधाचं माझं मी बघतो. आणि तू काय अशी बघत राहिलीस? साखर जरा जास्त झालीय चहात. ऊठ ना आता, संपला तास.

द्वारकाबाई : ठेवा इथंच. बसूनच पिते.