फोटोमागची सही

मला सांगा, फोटोच्या पाठीमागे एक सही हवी म्हणून कोणी दोन रात्री छताकडे बघत पडतं का? मी पडले! शेजारी माझी चार वर्षांची लेक वेन्ना हातपाय फेकून अख्खा पलंग अडवून झोपलेली, आणि मी कडेला लोंबकळत विचार करतेय... शाळेच्या मिसेस नॅन्कॅरोंनी नाही म्हटलं तर? मग वाटलं, हो म्हटलं तर? जिला स्वतःच्या पलंगावर टीचभर जागा मिळवता येत नाही... आणि ही बाई म्हणे दारू विकणार!

थांबा, नीट सांगते. बंदरावरच्या आमच्या पबात मी सहा वर्षं काम करतेय. पब डेन्झिलचा, म्हणजे परवाना त्याच्या नावावर. आता कायदा असा की दारू विकायचा परवाना असलेलं एक तरी माणूस पबचं प्रमुख म्हणून हवंच, नाहीतर बिअरचा नळसुद्धा सोडायचा नाही. आणि डेन्झिलचे गुडघे गेले. महिनाअखेरीस चालला स्पेनला, बहिणीकडे. मला म्हणतो, "अगं पोरी, तूच काढ परवाना. तू शिकलेली आहेस, शांपूच्या बाटलीमागचंसुद्धा वाचतेस." मी म्हटलं, "आणि नाही मिळाला तर?" तर हा शांतपणे म्हणतो, "तर इमारतीचे मालक इथे लंडनवाल्यांसाठी सुट्टीची घरं बांधतील. तू चादरी बदलायला जा."

झालं! बसले अभ्यासाला. परवान्याची परीक्षा, चाळीस प्रश्न. अठराच्या आतल्याला दारू नाही, पंचवीसच्या आतला वाटला तरी ओळखपत्र मागायचं, झिंगलेल्याला दारू नाही... आता हे म्हणायचं कसं, ते पाठ नको का करायला? मला तर दारात आलेल्या चादरविक्यालाही नाही म्हणता येत नाही, घरी इस्त्रीच्या टेबलाची तीन आवरणं आहेत आणि टेबल एकच! म्हणून मी वेन्नाला गिऱ्हाईक केलं. संत्र्याच्या सरबताचा पेला आपटून ती ओरडायची, "आणखी एक!" की मी, "माफ करा साहेब, तुम्हाला पुरे झालं. टॅक्सी बोलावू का?" मग तिनं हट्ट धरला, आता मी पबवाली, तू दारुडी. तिचा आवाज माझ्यापेक्षा खणखणीत हो!

पण झाले पास. पोलिसांचा दाखलाही आला, स्वच्छ. मी तो दोनदा वाचला, काहीतरी निघेल म्हणून... आणि ही बाई म्हणे दारू विकणार!

मग तो फोटो. परवान्याच्या कचेरीतल्या बाईंना फोन केला, तर त्या म्हणतात, "दोन फोटो. एकाच्या मागे गावातल्या प्रतिष्ठित माणसानं लिहून द्यायचं, की हा चेहरा तुमचाच."

"डेन्झिल चालेल?"

"कोण डेन्झिल?"

"पबवाला."

"प्रतिष्ठित, बाई."

गेले चॅपलच्या पाद्रीबाबांकडे, मिस्टर होस्किंगांकडे. ते म्हणाले, "टॅमसिन, तुझ्या चेहऱ्याबद्दल काही तक्रार नाही गं. पण आमच्या घरात चार पिढ्या कोणी थेंबाला शिवलेलं नाही. मी सही केली तर आजोबा थडग्यात उठून बसतील!" बरं, मी वळले, तर मागून हळूच, "पण रविवारचं ते भाजलेलं मटण... चालू राहील ना?" म्हणजे पब हवा, सही नको! डॉक्टरांकडे गेले, तर त्यांची वेळ तीन आठवड्यांनी. तोवर डेन्झिल समुद्रात डुंबत असेल!

उरल्या कोण? वेन्नाच्या मुख्याध्यापिका, मिसेस नॅन्कॅरो. आणि त्यांच्या दप्तरी माझी कीर्ती काय? महिन्यात तीनदा पोरीचा डबा विसरला. एकदा तर सुट्टीच्या दिवशी तिला गणवेश घालून बंद फाटकाशी उभी होते, वर मनात शाळेलाच नावं ठेवत. अशा बाईनं त्यांच्यापुढे दारूचा फॉर्म कोणत्या तोंडानं धरायचा?

तरी गेले. तर त्याच म्हणाल्या, "बरं झालं आलात. वेन्नाबद्दल बोलायचंय." संपलं! बसवलं कुठे, तर बालवर्गाच्या खुर्चीत. गुडघे हनुवटीला, फॉर्म पिशवीत.

"काल दूध वाटायची पाळी वेन्नाची होती," त्या म्हणाल्या. "तिनं वर्गातल्या जेगोला दुसरा पेला दिला नाही. म्हणाली, माफ करा साहेब, तुम्हाला पुरे झालं."

मी जमिनीत शिरायला जागा शोधतेय.

"तो रडायला लागला. तर म्हणाली, इथे तमाशा नको. टॅक्सी बोलावू का?"

मग मी सुटलेच हो! परवाना, परीक्षा, सरबत, डेन्झिलचे गुडघे, लंडनवाले, सगळं एका दमात! वर "मुलांना जपणं हे कायद्याचं चौथं उद्दिष्ट आहे, मला पाठ आहे, म्हणून दाखवू?" आणि बिस्किटाचा चुरा झटकत फॉर्म काढून दिला. आणि ही बाई म्हणे...

मिसेस नॅन्कॅरोंनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. "जेगो रोज तीन पेले ढोसतो आणि दुपारी गालिच्यावर ओकतो. सप्टेंबरात शाळा सुरू झाल्यापासून त्याला नाही म्हणायला इथे कोणाला जमलं नव्हतं. मलाही नाही." आणि पेन उघडलं! मग फॉर्मवरची जन्मतारीख बघितली, फोटो बघितला, मला बघितलं.

"तेवीस?"

"हो..."

"फोटोत उजेड कमी असेल," म्हणाल्या, आणि केली सही! मला तर रडूच फुटलं. तेवढ्यात एकाच बाहीत कोट घातलेली वेन्ना दारात. मिसेस नॅन्कॅरोंना काय गंमत सुचली, म्हणाल्या, "काय पबवालीबाई, तुमच्या आईकडे ओळखपत्र मागायचं का?"

मी मनात म्हणतेय, माग गं राणी, आज तरी माग! वेन्नानं हात मागे बांधले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि म्हणाली, "नको. पंचवीसच्या आतली वाटली तरच मागायचं असतं. हिला द्या काय हवं ते."