दोन दिवस मुगाचं पाणी

मंडळी, ऐका. प्रश्न साधा आहे. उत्तर मनातल्या मनात द्या. शेजारी सौभाग्यवती असतील तर नक्कीच मनातल्या मनात! माणूस चांगला की वाईट, हे बघायचं कोणत्या दिवशी? एकादशीला? — अहो, एकादशीला सगळेच चांगले!

आपले दिगंबरअण्णा आचारी. हयात गेली बुंदीच्या लाडवांत. मधुमेह तर होताच. पण रक्त तपासायचं ठरलं की अण्णा दोन दिवस आधीपासून मुगाच्या पाण्यावर! उपाशीपोटीची साखर झकास यायची. "पास झालो," असं काकूंना सांगायचे, आणि पास झाल्याचा पेढा — जाऊ द्या. तबलजी, हसू नका. तुमचं रक्त अजून तपासलेलं नाही.

पुढे अण्णांना मोतीबिंदू झाला. आता आचाऱ्याला डोळे कशाला लागतात? पाक चिमटीत धरायचा, चिमूट उघडायची, मधे बारीक तार दिसली की बुंदी सोडायची. तार चुकली तर लाडू वळत तरी नाही, नाहीतर दगड होतो. अण्णांना तार दिसेना! आणि वैशाखात नातीचं लग्न. तिनं बजावलेलं, लाडू आजोबांच्याच हातचे.

शस्त्रक्रिया हवी. पण तोरणे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी साखर बघू. अण्णांनी लगेच मूग भिजत घातले. बाई म्हणाल्या, या वेळी एचबीएवनसी करायची, उपाशी यायची गरज नाही. अण्णांना अपमानच वाटला. उपासाशिवाय परीक्षा? तरी आपले उपाशीच गेले.

आकडा आला दहाच्या वर. हवा होता सातच्या आसपास.

"बाई, दोन दिवस मुगाच्या पाण्यावर आहे मी," अण्णा म्हणाले.

"अण्णा, साखर रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटते, ती पेशी मरेपर्यंत सुटत नाही. यात मागचे दोन-तीन महिने दिसतात. दोन दिवसांचं यात काही चालत नाही."

"पण मी गोड खातच नाही."

मंडळी, अण्णा खोटं बोलत नव्हते! तीच तर गोम आहे. शेवटी काकू बोलल्या, "खात नाहीत हो, चाखतात. तार दिसत नाही म्हणून पाक जिभेवर घेऊन बघतात. प्रत्येक घाण्याला."

आचाऱ्यांचा जुना न्याय आहे — पानात वाढलं ते जेवण, झाऱ्यावरून घेतलं ते काम. अण्णांनी तो बाईंना समजावून सांगितला. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या रक्ताला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही."

गंमत बघा. दिसत नाही म्हणून चाखायचं. चाखलं म्हणून साखर. साखर म्हणून शस्त्रक्रिया नाही. शस्त्रक्रिया नाही म्हणून दिसत नाही! संसारचक्र म्हणतात ते हेच असावं.

दुसऱ्या दिवसापासून कढईपाशी काकू उभ्या. चिमूट अण्णांची, डोळे काकूंचे.

"आली का तार?"

"नाही."

"अगं, पाक पुढे जाईल!"

"तोंड मिटून उभे राहा. आली की सांगते."

आणि आली! बाईंनी गोळ्या बदलल्या, अण्णा संध्याकाळी घाटावर फेऱ्या मारू लागले. पण खरा उपास तो कढईपाशी. रोजचा, आणि कुणी कौतुक न करणारा. तीन महिन्यांनी आकडा सात आणि वर थोडा. बाई म्हणाल्या, चालेल. आणि शस्त्रक्रिया पार पडली.

लग्नाच्या आदल्या दिवशी अण्णांनी चिमूट उजेडात धरली. तार लखलखली! अण्णा हळूच म्हणाले, "आता दिसतंय गं मला."

काकू म्हणाल्या, "मला आधीपासूनच सगळं दिसत होतं."

तर मंडळी, आज आपण सगळे कपाळाला बुक्का लावून, हात जोडून, फार सोज्वळ बसलो आहोत. वर बसलाय त्याला आजचं कौतुक नाही. तो मागचे तीन महिने बघतो — आणि आपण झाऱ्यावरून घेतलेलंही त्यात धरतो. उद्या सकाळी कुणी बघत नसेल, तेव्हा कसे वागाल तेवढं सांभाळा. बोला, पुंडलिक वरदे!

आणि हो, दाराशी लाडवाचा प्रसाद आहे. अण्णाच वाटताहेत. एकेकच घ्या, रांगेत पुन्हा कुणी लागू नका. अण्णांना आता स्पष्ट दिसतं.