वरीलप्रमाणे मामा

ऐका मंडळी! आज आधी मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. देवाचं नाव एकदा घेतलं. घेतलं ना? त्याला ऐकू गेलं. त्याचे कान काही आपल्या आप्पांसारखे नाहीत! आप्पा, यंत्र लावलंय ना आज? बरं. तर एकदा ऐकू गेल्यावर तेच नाव पुन्हा पुन्हा, रोज, जन्मभर — कशासाठी हो? माळेच्या पहिल्या मण्याला नाव घ्यावं आणि बाकीच्या मण्यांना म्हणावं, ‘वरीलप्रमाणे!’ काय बिघडलं? सांगा की! पेटीवाले बुवासुद्धा खाली बघायला लागले. राहू द्या, गोष्ट ऐका, मग बघू.

तापीकाठी एक गाव. तिथं हायस्कुलात दिगंबर फेगडे नावाचे सर संगणक शिकवायचे. माणूस भला, पण नीटनेटकेपणाचा भारी नाद! पंगतीत बसले तरी पानातली चटणी-कोशिंबीर आधी सरळ रेषेत लावून घेणार, मगच पहिला घास! त्या वर्षी पंचक्रोशीनं सामुदायिक विवाह ठरवला. मांडव एक, नवऱ्या गावोगावच्या. समितीची माणसं सरांच्या घरी आली. “सर, यादी तुमच्याकडे. आणि माईकही तुमच्याकडेच.” सरांना काय, आनंदच झाला.

आता यादी कशी आली म्हणता? प्रत्येक गावानं आपापली वर्डची फाईल पाठवली. फाईलीत एक तक्ता — नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव आणि नवरीच्या मामाचं नाव. मामाचं कशाला? अहो, मामाशिवाय लग्न लागतं का आपल्यात? नवरीला घरातून बोहल्यावर आणतो कोण? मामा! मंगलाष्टकं चालू असताना तिच्या पाठीशी उभा कोण? मामा! हा मान बापालासुद्धा नाही!

आणि त्या फाईली! एका गावानं मामाचा रकाना आधी टाकलेला, दुसऱ्यानं नवऱ्याचा. एकानं तर तक्त्याच्या मधोमध गणपती बसवलेला! सर फाईल उघडायचे, तक्ता उचलायचे, एक्सेलमध्ये आणून ठेवायचे, रकाने जुळवायचे. शेवटी सगळी गावं एकाखाली एक आली. पण सरांना चैन पडेना. सोनल, मग अश्विनी, मग माधुरी — ही काय यादी झाली? त्यांनी बटण दाबलं. सगळ्या नवऱ्या अ-आ-इ-ई प्रमाणे! ओळीच्या ओळी वर-खाली पळाल्या आणि शहाण्यासारख्या उभ्या राहिल्या.

मग सरांना दिसलं, की मामाच्या रकान्यात कुठं कुठं लिहिलंय — ‘वरीलप्रमाणे’. “हे बरं दिसत नाही,” सर बायकोला म्हणाले. “वरीलप्रमाणे म्हणजे वरच्या ओळीतलं नाव. हो ना?” ती बिचारी भाकरी थापत होती, म्हणाली, “हो.” सरांनी वरचं नाव खाली ओढलं. झालं! एक खण रिकामा राहिला नाही.

मंडळी, चूक लक्षात आली का? नाही? मग काळजी करू नका, सरांच्याही आली नव्हती!

लग्नाच्या दिवशी सकाळी मांडव भरला. सनई, धूळ, नवरदेवांचे फेटे, रडणारी पोरं. आणि मांडवाच्या अगदी टोकाला, खांबाला टेकून एक माणूस उभा — भागवत झोपे. हे गायत्रीचे मामा. मंडळी, गायत्रीची आई गेली तेव्हा गायत्रीचे वडील, एकनाथराव राणे, यांनी मेहुण्याला निरोप धाडला, पण उशिरा. भागवतराव पोचले तेव्हा चिता विझत आली होती. सख्ख्या बहिणीचं तोंड बघायला मिळालं नाही! त्या दिवसापासून त्यांनी राण्यांच्या दारात पाऊल टाकलं नाही. आणि एकनाथरावांनी मेहुण्याचं नाव तोंडातून काढलं नाही. एवढी वर्षं! मग आज कसे आले? गायत्री स्वतः गेली होती. उंबऱ्यावर बसून राहिली. “माझ्या आईच्या जागी तुम्ही उभे राहा, मामा.” म्हणून आले. पण कसे? चप्पल पायातच ठेवून!

सरांनी माईक हातात घेतला. पहिल्या काही नवऱ्या नीट पार पडल्या. मग “कोमल — मामा प्रल्हाद अत्तरदे!” प्रल्हादराव आले, भाचीचा हात धरून निघाले. टाळ्या! पुढची ओळ. “गायत्री — मामा प्रल्हाद अत्तरदे!”

प्रल्हादराव मधेच थांबले. “सर, मला एकच भाची आहे हो! ही कुठली?”

“यादीत आहे,” सर म्हणाले.

“यादीत असंल भो, माझ्या बहिणीला नाही ना!”

मांडवात हशा पिकला. सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. नाव स्पष्ट होतं. गोंधळू नये म्हणून त्यांनी पुढचं नाव पुकारलं, तर तिथंही दुसऱ्याच गावचा मामा उठला आणि तिसऱ्याच गावची नवरी रडायला लागली! “अरे माझा मामा कुठाय?” “अहो ही माझी भाची नव्हे!” कोणी म्हणालं, नवरदेव तरी बरोबर आहेत का बघा! सरांच्या कानशिलावरून घाम निघाला. अहो, यादी इतकी नीट, एक खण रिकामा नाही — मग चुकतंय कुठं? डोकं चालेचना.

आणि खांबापाशी भागवतराव पांढरेफटक पडले. त्यांना वाटलं, मेहुण्यानं डाव साधला. भर मांडवात मामा बदलला! उपरणं झटकलं आणि निघाले तरातरा फाटकाकडे. गायत्रीनं पाहिलं. मुंडावळ्या सावरत ती सरांपुढे आली. “सर, माझा मामा चाललाय! त्याचं नाव घ्या!”

“अगं पण कागदावर अत्तरदे...”

“अत्तरदे कोण? वर्षाताई माझी सख्खी बहीण, तीही आजच बोहल्यावर चढतेय. तिचा मामा तोच माझा. आमच्या गावच्या तक्त्यात ताई वर होती आणि मी तिच्या खाली!”

ताई वर होती! आता सरांना उलगडलं. गावच्या तक्त्यात गायत्रीच्या वर वर्षा. सरांनी अ-आ-इ-ई लावली, वर्षा गेली तळाला आणि गायत्रीच्या डोक्यावर येऊन बसली कोमल! गायत्रीच्या ओळीत ‘वरीलप्रमाणे’ तसंच राहिलं, वरचं माणूसच बदललं. आणि सरांनी त्यावर आपल्या हातानं नाव ओढलं!

त्यांनी यादीच्या तळाशी वर्षाची ओळ शोधली. “भागवत झोपे!” सर माईकवर ओरडले. “गायत्रीचे मामा भागवत झोपे! चूक माझी आहे, परत या!”

भागवतराव फाटकात होते. ऐकू आलं का? आलं! पाय थांबले. पण माणूस वळला नाही. सरांनी पुन्हा हाक मारली. खांदे हलले, तरी वळला नाही. अहो, का वळेल? ते नाव कागदाचं होतं. ज्या तोंडातून यायला हवं होतं, ते तोंड गप्पच होतं!

तेव्हा एकनाथराव उठले. लेकीकडे एकदा पाहिलं, सरांच्या हातातून माईक घेतला. आवाज फुटेना. मग फुटला. “भागवत.” पुन्हा — “भागवत, निरोप उशिरा धाडला रे. चुकलं माझं. भागवत, ये ना. तिची आई नाही इथं. भागवत!”

मंडळी, तो माणूस वळला. चपला फाटकातच सोडल्या. तापलेल्या मातीतून अनवाणी आला, लहान मुलासारखा रडत आला आणि गायत्रीचा हात धरला. मग वर्षाचाही धरला. सरांनी यादी घडी करून खिशात घातली आणि एकेका नवरीपाशी जाऊन विचारत सुटले, “बाळ, तुझा मामा कोण गं?” मुहूर्त टळला, पण लग्नं लागली!

आता माझा प्रश्न. ऐकू तर पहिल्याच हाकेला गेलं होतं, मग पुन्हा कशाला हाक मारायची? कळलं का? पुन्हा नाव घेतो तेव्हा आपलंच आत अडकलेलं काहीतरी सुटतं. देव फाटकातच उभा आहे हो! आपल्याच तोंडातून नाव निघायची वाट बघतोय.

आणि तुम्ही सांगा, घरी किती माणसं ‘वरीलप्रमाणे’ करून ठेवलीत? म्हातारी काय म्हणते? नेहमीचंच. बायको? कालच्यासारखीच. भाऊ? त्याचं नावसुद्धा नको! रकाने सगळे भरलेत, आणि माणूस चाललाय फाटकाबाहेर. अहो, हाक मारा त्याला! आजच मारा, आणि नाही वळला तर पुन्हा मारा.

उचला टाळ. विठोबाचं नाव घ्या — आणि आप्पा, तोंडातल्या तोंडात नको, मला इथवर ऐकू आलं पाहिजे!